वंदनाचा स्टीलचा ग्लास

वंदना,

दापोडीच्या चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली तुझ्या भावाच्या झाडून सगळ्या मित्रांची नावं, आणि मधोमध तू. फोटो तोच, लाल साडीतला, ज्यात तुझा एक डोळा अर्धवट मिटलाय आणि जो तू मला माझ्या फोनमधून पुसून टाकायला लावला होतास. मी पुसला होता. तुझ्या भावाला कुठून मिळाला कुणास ठाऊक. शाळेत जाताना बसमधून रोज दिसतेस. आधी हसू येतं, आणि मग माझा स्टॉप येईपर्यंत मला दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून बसावं लागतं.

तुझा जन्म, तुझी नोकरी, तुझा आजार हे सगळं पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सांगून झालं. मलाही म्हणाले, शाहीनताई, दोन शब्द बोला. मी उठले, माईक घेतला, आणि एक शब्द न बोलता परत खाली बसले. इतरांना बोलायला शिकवणारी बाई! तू असतीस तर आठवडाभर पुरवून पुरवून हसली असतीस. म्हणून आता लिहितेय. आणि हे दोन शब्द वगैरे नाहीत बरं का. आपलं भांडण अर्धं राहिलंय, ते पुरं करायचंय.

भांडण ग्लासावरून. तुझ्या त्या स्टीलच्या ग्लासावरून, जो तू घरून आणलास आणि परत कधी नेला नाहीस.

आपला गुरुवारचा क्लास सुरूच मुळी तुझ्या रागातून झाला. तू चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. बाहेरच्या देशाचे पाहुणे लाईन बघायला आले आणि तू खराब पार्ट हातात धरून त्यांना सांगितलंस, 'धिस इज अ एनजी पार्ट.' एनजी म्हणजे तुमच्या भाषेत 'नॉट गुड'. पाहुण्यांना काही वाटलं नाही, ते मान डोलवून पुढे गेले. पण एका पोरसवदा इंजिनिअरने पुढे कितीतरी दिवस कँटीनमध्ये तुझी नक्कल केली, 'अ एनजी, अ एनजी' करत, शेळी ओरडल्यासारखी. शेवटी एक दिवस तू कंपनीतून तडक येऊन अब्बांच्या गॅरेजसमोर स्कूटी लावलीस आणि वर आमच्या घरात आलीस. आपली ओळख तेव्हा फक्त तुझ्या स्कूटीच्या पंक्चरपुरती होती. पाणीही न घेता म्हणालीस, "तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवता ना? मग हे मला शिकवा. अ कुठे आणि ॲन कुठे. आज."

मी शिकवलं. पण तुझं समाधान होईना. "माझ्यासारख्या लाईनवर किती जणी आहेत माहितेय का तुम्हाला?" म्हणालीस. विहाराच्या मागची खोली तूच मिळवलीस. पिंपरी-चाकणच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून क्लासही गुरुवारचा. माझी शाळा दुपारची, त्यामुळे सकाळ मोकळी. बायका यायच्या, ओव्हरटाइमने सुजलेल्या डोळ्यांनी, आणि आपण दोघी त्यांना इंग्रजीत आपापलं काम सांगायला शिकवायचो. आठवड्यातला माझा सगळ्यात आवडता दिवस होता तो. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, कारण तू लगेच आणखी एक दिवस वाढवला असतास.

नियम तू झकास सांगायचीस. "अक्षर बघायचं नाही, आवाज बघायचा. शब्द सुरू करताना तोंड मोकळं उघडतंय का? मग ॲन. ॲन ऑपरेटर. ॲन इन्स्पेक्शन. आणि युनिफॉर्मला तोंडात आधी 'य' येतो, म्हणून अ युनिफॉर्म, मग स्पेलिंग काही का असेना." कुणीतरी विचारलं, मग 'आवर'ला ॲन कसं, त्यात तर पहिला एच आहे. तू म्हणालीस, "एच आहे, पण त्याने पंचिंग केलेलं नाही. त्याला हजर धरायचा नाही." सगळी खोली हसली. त्यानंतर ते कुणीही विसरलं नाही. मी शाळेतही हेच सांगते, तुझं नाव न घेता.

इथवर सगळं छान होतं. मग तू ग्लास आणलास.

तुमच्या लाईनवर डोक्यावरून एक दोरी जाते. पार्टमध्ये दोष दिसला की हात वर करून ती दोरी ओढायची. लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो आणि अख्खी लाईन थांबते. दोष तिथल्या तिथे काढायचा, खराब पार्ट पुढच्या स्टेशनला जाऊ द्यायचा नाही. या दोरीचा तुला केवढा अभिमान! "साहेबसुद्धा थांबवू शकत नाही शाहीन, एवढी लाईन मी एका हाताने थांबवते." मला वाटलं होतं ती दोरी तू कंपनीतच ठेवून घरी येतेस. छे. तू ती क्लासमध्ये आणलीस. बाई बोलायला उभी राहिली, अ आणि ॲनची गल्लत झाली, की तुझा चमचा ग्लासावर. टण्ण! बाईने तिथेच थांबायचं, उजवा हात वर करायचा, दोरी ओढल्यासारखा, आणि वाक्य पहिल्यापासून म्हणायचं.

मला तो आवाज पहिल्या दिवसापासून सहन झाला नाही. मी म्हटलं, वंदना, माणसाचं बोलणं म्हणजे तुमच्या लाईनवरचा पार्ट नव्हे. ज्या भाषेत आपण जन्मलो तिच्यात ही भानगडच नाही. 'मी ऑपरेटर आहे' म्हटलं की संपलं. 'मी एक ऑपरेटर आहे' असं फक्त पुढारी आणि निबंधातली झाडं बोलतात. मग ज्या बाईला आयुष्यात या 'एक'ची गरज पडली नाही, तिचं वाक्य त्यापायी दर दोन शब्दांनी तोडायचं? तू म्हणालीस, "मी तोडत नाही, मी पकडते. पुढे गेलेली चूक परत येत नाही." आणि वर, "तुला कुणी शेळी म्हटलेलं नाही."

शेळी निघाली की मी फळा पुसायला वळायचे. ते तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तू ते दर वेळी वापरायचीस.

मग संगीताचं झालं.

संगीता परभणीहून आलेली, तुझ्याच कंपनीत, तुझ्याच लाईनवर, पण कॉन्ट्रॅक्टवर. मुलगी इथल्या शाळेत रमलेली, नवरा गावाकडून 'परत ये' म्हणून रोज फोन करणारा. लाईन लीडर म्हणून निवड झाली तर ती कायम होणार होती, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट संपलं की बिऱ्हाड उचलून परभणी. आणि लीडरला पाहुण्यांसमोर आपलं स्टेशन इंग्रजीत समजावून सांगावं लागतं, म्हणून इंटरव्ह्यू इंग्रजीत. तुझी सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी ती. ग्लासाच्या आवाजाला सगळ्यात पटकन हात वर करणारीही तीच.

इंटरव्ह्यूमध्ये तिने पहिलं वाक्य म्हटलं, 'आय ॲम अ ऑपरेटर.' आणि थांबली. तिथे ना ग्लास, ना चमचा. पण तिला तो आवाज ऐकू आला म्हणे. तिने उजवा हात वर केला, साहेब लोकांसमोर, खुर्चीत बसल्या बसल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुढच्या वाक्याला पुन्हा अडखळली, पुन्हा हात वर. साहेबांना वाटलं बाईला काही त्रास होतोय. त्यांनी पंखा वाढवला, पाणी मागवलं आणि पुढच्या वेळी बघू म्हणून तिला बाहेर पाठवलं.

तिने हे आपल्याला क्लासमध्ये सांगितलं तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी ही ग्लास बाजूला ठेवेल. आणि तू तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, "शाब्बास. चूक पकडलीस ना? निम्मं काम झालं."

रेल्वे स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी तुला काय काय बोलले ते तुझ्या लक्षात असेल. टपरीवाल्याच्या तर आहेच, तो अजून माझ्याकडे दबकून बघतो. मी म्हटलं, तुझ्या दोरीने तू तिचा गळा आवळलास. तू म्हणालीस, "मी तिला टिकायला शिकवते. तू नुसतं बोलायला शिकवतेस. नुसतं बोलणाऱ्याला हसतात." मी म्हटलं, टिकायला आधी तोंडातून वाक्य निघावं लागतं. तू म्हणालीस, "चुकीचं निघण्यापेक्षा नाही निघालेलं बरं." मी म्हटलं, असं असेल तर क्लास बंद कर आणि मौन शिकव. तू चहा तसाच ठेवून उठलीस. कटिंग चहा कधीही न सोडणारी तू. मी तुला हाक मारली नाही. मारणारही नव्हते, कारण माझं बरोबर होतं आणि अजूनही आहे.

त्यानंतर लगेच तू हॉस्पिटलमध्ये. मी रोज यायचे आणि आपण या एका विषयाभोवती वळसा घालून बाकी सगळं बोलायचो. भावाचं लग्न, चाकणचं ट्रॅफिक, माझ्या मुख्याध्यापकांचा नवा विग. फक्त एकदा तो विषय आपणहून आत आला. एक नर्स दुसरीला म्हणाली, 'गिव्ह हर अ इंजेक्शन.' तुझ्या तोंडावर मास्क, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलीस. आणि तुझा हात हळूच सरकला, अंगठीचं बोट पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटलं. टण्ण. नर्स दचकली. मी इतकी हसले की मला बाहेर काढलं. वंदना, त्या कठड्याच्या आवाजासाठी मी तुला सगळं माफ केलं असतं, पण तेही सांगायचं राहिलं.

शेवटच्या संध्याकाळी तू मास्क बाजूला केलास. म्हणालीस, "संगीताला…" इतक्यात भेटीची वेळ संपली म्हणून वॉचमन ओरडत आला. तू हाताने खूण केलीस, उद्या. मीही मान हलवली. आपल्याला काय माहीत.

संगीताला काय, वंदना? संगीताला थांबू नको म्हण? की संगीताला सोडू नको? की माझा ग्लास संगीताला दे? मी रिक्षात, स्वयंपाक करताना, नमाजाला बसल्यावरसुद्धा तुझं वाक्य पुरं करून बघते. प्रत्येक वेळी वेगळं होतं. तुझ्या तोंडचं एकही वाटत नाही.

तुझ्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मी खोलीत शिरले तर सगळ्या आधीच येऊन बसलेल्या. टेबलावर तुझा ग्लास, घासून लख्ख केलेला, आत चमचा. संगीताचं काम. तिच्या दुसऱ्या इंटरव्ह्यूचा निरोप आला होता, त्याच आठवड्यात, आणि तिचं कॉन्ट्रॅक्टही संपत आलं होतं. ही संधी शेवटची, हे खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. मी म्हटलं, चला, मी साहेब. टेल मी अबाउट युअर स्टेशन.

ती उभी राहिली. "आय ॲम अ ऑपरेटर…" आणि थांबली. मी चमच्याला हातही लावला नव्हता. तिचा उजवा हात वर गेला आणि तिथेच राहिला. सगळ्यांच्या नजरा माझ्या हाताकडे. मागून लोकल गेली, खिडकीची तावदानं थरथरली, गाडी लांब निघून गेली, तरी हात वरच.

मी म्हटलं, "पुढे बोल."

"पुढं जाईना, ताई. वाजवा की एकदा."

"मी वाजवणार नाही, संगीता."

"वाजला न्हाई तर मला कसं कळायचं चुकलं म्हणून?"

"तुला कळलंय. म्हणून तर हात वर आहे."

"मग मॅडम असत्या तर वाजवला असता का न्हाई?" तिचा आवाज फाटला. "तुमाला पहिल्यापासून आवडत न्हाई त्यो ग्लास. मॅडम गेल्या तर लगेच बंद कराय निघालाव."

मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, त्यांची पद्धत नका मोडू. इतक्यात तर नकाच."

मला तुझा भयंकर राग आला, वंदना. मेलीस तरी मध्ये बोलतेसच! वाजवावा, तर संगीता परवा साहेबांसमोर पुन्हा हात वर करून बसणार. न वाजवावा, तर आत्ता इथेच पुढे जात नाही. आणि तुझं ते अर्धं वाक्य टेबलावर ग्लासाशेजारी बसलेलं. मी चमचा उचलला. खरं सांगते, वाजवायलाच उचलला होता. संगीताचे ओठ कोरडे पडलेले दिसत होते, तिला पाणी हवं असावं. मी चमचा खाली ठेवला, माझी बाटली उघडली आणि तुझ्या ग्लासात काठोकाठ पाणी ओतलं. उठून तिच्यापाशी गेले, तिचा वर गेलेला हात ओढून खाली आणला आणि ग्लास त्यात दिला.

"धर. प्यायचं नाही. सांडायचंही नाही. बोल."

"ताई…"

"इंग्रजीत."

ती बोलायला लागली. स्टेशनचं नाव, पार्टचं नाव, काय तपासते ते. एका ठिकाणी अ म्हणून गेली. हात उठायला निघाला, पाणी डुचमळलं, तिच्या ओढणीवर सांडलं. तिने ग्लासाकडे बघितलं, हात सावरला आणि पुढचं वाक्य म्हटलं. मग त्याच्या पुढचं. शेवटाला पोचली तेव्हा खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. ती खाली बसली आणि ग्लासातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग रडली. मीसुद्धा. तुझ्यासाठी मी रडले ती तेव्हा, त्याआधी कुठे वेळ होता.

इंटरव्ह्यूच्या दिवशी शाळेत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. फोन टेबलावर उलटा, सुलटा, परत उलटा. संगीताचा काही निरोप नाही. सहावीच्या वर्गात एकाने 'अ अंब्रेला' म्हटलं आणि मी त्याच्याकडे नुसतीच बघत राहिले, पोरगा बिचारा घाबरून खाली बसला. शाळा सुटल्यावर घरी न जाता चौकात तुझ्या फ्लेक्सखाली येऊन उभी राहिले. चाकणच्या कंपनीची बस तिथेच थांबते. पहिली बस आली, त्यात ती नाही. दुसरीतून उतरली. तोंडावर काही म्हणजे काही नाही. मला वाटलं, गेलं.

"टेबलावर पाण्याचा ग्लास होता," ती म्हणाली. "काचेचा. मी पयले त्योच उचलला. सायेब म्हणले, प्या, प्या. मी म्हटलं, नो सर, आय विल होल्ड."

"अगं, मग?"

"मग बोलले. इन्स्पेक्शनला चुकले, अ म्हणले. मला कळलं, ताई. ग्लासातलं पाणी लई हललं. पण मी थांबले न्हाई."

"संगीता, झालं का नाही ते सांग."

"झालं. कायम झाले." आणि मान वर करून फ्लेक्सकडे बघत म्हणाली, "मॅडमचा ह्यो फोटू कुणी लावला हो? डोळा बघा की." मग आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो. बसमधले लोक खिडकीतून बघत होते.

तर बघ, माझं बरोबर होतं. हे एकदा तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं. आणि तिला चूक कळली ती तुझ्यामुळे, इतकी की साहेबांसमोर तिच्या हातातलं पाणी हललं. हे मात्र तू जिवंत असतीस तर मी मरेपर्यंत कबूल केलं नसतं. ज्या बायकांना कुणी हसू नये म्हणून तू इतकी कडक होतीस, त्यांच्यातली एक आता तुझ्या लाईनवर लीडर आहे. तुझ्याच दोरीखाली उभी राहते. कँटीनमध्ये तो इंजिनिअर अजून असला तर त्याला तिचं ऐकावं लागत असेल.

मागच्या गुरुवारी पेढे घेऊन आली. निघताना म्हणाली, "ताई, मॅडमचा ग्लास मला देता का? लाईनवर नव्या पोरी आल्यात, त्यास्नी शिकवीन." रास्त मागणी होती. तुझी लाडकी, तुझी लाईन, आणि तो ग्लास पहिल्या दिवसापासून मला नको होता, हे जगजाहीर आहे.

"नाही," मी म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की ती मागे सरकली. मग माझं मलाच ओशाळं वाटून मी तिला चहा पाजला. पण ग्लास दिला नाही. कुणालाच देणार नाही.

तो टेबलावर असतो. जी बाई बोलायला उभी राहते तिच्या हातात मी तो भरून देते. भरलेला ग्लास वाजत नाही, हे मला आता कळलंय. सगळ्या गेल्या की मी तो धुते, पुसते आणि कुलूप लावण्याआधी रिकामा, चमच्यासकट, तुझ्या खुर्चीसमोर ठेवते. 'संगीताला' काय, ते तू सांगितलं नाहीस. मी माझ्या मनाने केलं. चुकलं असेल तर वाजव.